ज्ञानकोशाच्या दारातील दूरचित्रवाणी

दूरचित्रवाणीच्या एखाद्या कंपनीने आपले कार्यक्रम प्रेक्षकाला त्याच्या सवडीने, हवे तेव्हा पाहता यावेत म्हणून वेगळी सेवा सुरू केली, तर त्या सेवेवर ज्ञानकोशात स्वतंत्र नोंद असावी काय? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. नोंद असली काय आणि नसली काय, कोणाचे काय बिघडणार, असेच बहुतेकांना वाटेल. परंतु इंग्रजी विकिपीडियावर अशा प्रश्नांचा खल रोज चाललेला असतो आणि तो पुष्कळदा मोठ्या ईर्ष्येने चालतो. एखाद्या नोंदीवर कोणी आक्षेप घेतला की तेथे निदान सात दिवस चर्चा होते. हातांची मोजदाद करून नव्हे, तर कोणाच्या म्हणण्यात किती वजन आहे हे पाहून निर्णय द्यावा, असा तेथील दंडक आहे. नोंद राखावी, काढून टाकावी किंवा दुसऱ्या एखाद्या नोंदीत विलीन करावी, असे साधारणपणे तीन मार्ग असतात. चर्चेत प्राध्यापक असू शकतो, तसाच अकरावीतला विद्यार्थीही असू शकतो. कोण कोण आहे हे बहुधा कोणालाच ठाऊक नसते.

ज्ञानकोशाचे दार कोणाला उघडावे, हा निर्णय पूर्वी संपादकाचा असे आणि संपादकाच्या मागे कागद, टाईप आणि बांधणी यांचा हिशेब उभा असे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी भागभांडवल गोळा करून महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले. त्यांतील पहिले पाच तर प्रस्तावनाखंडच होते. अकारविल्हे नोंदींना सुरुवात झाली ती त्यानंतर. अशा उद्योगात एका विषयाला दोन स्तंभ दिले तर दुसऱ्याचे दोन स्तंभ जात. पुढे वाईस तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला आणि विसाव्या खंडापर्यंत पोहोचण्यास सुमारे चार दशके लागली. तेथेही प्रत्येक नोंदीची लांबी आधी ठरवावी लागे. जागेची टंचाई हीच तेव्हा निवडीची पहिली कसोटी होती, आणि ती कसोटी असल्यामुळे दुसरी शोधण्याची फारशी निकड कोणाला भासत नसे.

विषय हलका आहे म्हणून त्याला दारातून परतवावे, हा विचार मात्र ज्ञानकोशांच्या चांगल्या परंपरेत बसत नाही. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये दीदरो याने जो विश्वकोश काढला, त्यात धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञान यांच्या शेजारी कारागिरांच्या धंद्यांना त्याने मानाने बसविले. पायमोजे विणण्याच्या यंत्रावरील नोंद त्याने स्वतः लिहिली. तेव्हा करमणुकीचे साधन म्हणून दूरचित्रवाणीची सेवा ज्ञानकोशाला वर्ज्य ठरत नाही. पायमोज्याला जी जागा मिळाली ती तिलाही मिळू शकते.

मग अडचण कोठे आहे? १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला आणि कागदाची टंचाई संपली. इंग्रजी आवृत्तीतील नोंदी आज सत्तर लाखांहून अधिक आहेत. त्यांत आणखी एकीची भर पडल्याने कोणतेही कपाट मोडणार नाही. जागा अमर्याद असताना नकार कशाच्या जोरावर द्यायचा, या प्रश्नातून तेथे ‘उल्लेखनीयता’ नावाची कसोटी हळूहळू घडत गेली. तिचे सार थोडक्यात असे: ज्या विषयाशी लिहिणाऱ्याचा हितसंबंध नाही अशा विश्वसनीय साधनांत त्या विषयाची सविस्तर दखल घेतली गेली असेल, तर त्यावर स्वतंत्र नोंद होऊ शकते. या वाक्यात विषयाच्या थोरवीबद्दल एक अक्षर नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. विषय मोठा की लहान, चांगला की वाईट, हे कसोटी विचारतच नाही. दुसऱ्या कोणी त्याचा अभ्यास करून काही लिहिले आहे काय, एवढेच ती विचारते. कारण उघड आहे. ज्याच्याबद्दल त्रयस्थाने काहीच लिहिलेले नाही, त्याच्यावरील नोंद एक तर त्या विषयाच्या मालकाच्या शब्दांत लिहावी लागते, नाही तर लिहिणाऱ्याच्या कल्पनेतून. आणि या दोन्ही गोष्टींना ज्ञानकोश म्हणत नाहीत.

मागणीनुसार कार्यक्रम दाखविणाऱ्या सेवेला ही कसोटी लावू लागले की पुराव्यांचा ढीग पाहता पाहता विरघळतो. कंपनीचे प्रसिद्धिपत्रक बाद, कारण ते कंपनीचे आहे. तेच पत्रक चार वर्तमानपत्रांनी चार मथळ्यांखाली छापले असेल, तर ते चार पुरावे होत नाहीत. पुरावा एकच, आणि तोही कंपनीचाच. सेवेचे ॲप जेथून उतरवून घ्यायचे त्या दुकानातील वर्णन बाद. ‘अमुक मालिका आता अमुक सेवेवरही पाहता येईल’ ही बातमी मालिकेविषयीची असते, तीत सेवेचा केवळ नामोल्लेख असतो. एवढे वगळून हाती काय उरते ते पाहायचे. कित्येकदा काहीच उरत नाही.

यावर जे युक्तिवाद केले जातात त्यांपैकी सर्वांत लाडका युक्तिवाद घराण्याचा असतो. मूळ वाहिनी एवढी प्रसिद्ध, तेव्हा तिची सेवाही उल्लेखनीय असलीच पाहिजे! आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. पण आडात आहे म्हणून पोहऱ्यात आलेच पाहिजे, असे काही नाही. पोहरा भरून वर यावा लागतो. दुसरा युक्तिवाद शेजाऱ्याचा: प्रतिस्पर्धी वाहिनीच्या सेवेवर नोंद आहे, मग आमचीवर का नको? शेजाऱ्याची नोंद योग्य पुराव्यावर उभी असेल, अथवा तिच्याकडे अद्याप कोणाचे लक्ष गेले नसेल. दोन्ही शक्यतांतून आपल्या नोंदीविषयी काहीच सिद्ध होत नाही. तिसरा युक्तिवाद प्रेक्षकसंख्येचा, आणि तो मात्र इतका सहज झटकून टाकता येत नाही. लक्षावधी माणसे ज्या गोष्टीचा रोज वापर करतात तिच्याबद्दल ज्ञानकोशाने मौन पाळावे, हे कोणालाही खटकेल. एरव्ही लोकप्रियतेमागोमाग लेखन येतेच. ते आले नसेल, तर दोष ज्ञानकोशाचा की लिहिणाऱ्यांचा, हा प्रश्न उरतो. त्याकडे पुढे वळावे लागेल.

ही कसोटी चांगली चालते ती ब्रिटनमध्ये. बीबीसीच्या ‘आयप्लेअर’ या सेवेचेच उदाहरण घ्यावे. ती २००७ च्या नाताळात सर्वांसाठी खुली झाली. पण तिच्यावरील लेखन त्याआधीच सुरू झाले होते. बीबीसी लोकांनी भरलेल्या परवाना शुल्कावर चालते. या पैशातून नवी सेवा उभी करायची तर ती लोकांच्या हिताची आहे काय, याची परीक्षा बीबीसीच्या विश्वस्त मंडळाने करायची आणि खाजगी व्यावसायिकांवर तिचा काय परिणाम होईल, हे ‘ऑफकॉम’ या नियामक संस्थेने पाहायचे, असा तेव्हाचा नियम होता. दोन्ही परीक्षा झाल्या. उतरवून घेतलेला कार्यक्रम प्रेक्षकाला १३ आठवडे ठेवता यावा, असा बीबीसीचा प्रस्ताव होता. तो ३० दिवसांवर आणण्यात आला. सेवा प्रथम केवळ एकाच कंपनीच्या संगणकप्रणालीवर चालत असे, त्यावरून तक्रारी झाल्या. तिच्यामुळे इंटरनेटच्या वाहिन्यांवर पडणाऱ्या भाराचा खर्च कोणी सोसायचा, यावरून वाद पेटला. पुढे १ सप्टेंबर २०१६ पासून कायदाच बदलला आणि बीबीसीचे कार्यक्रम या सेवेवर मागाहून पाहणाऱ्यालाही परवाना काढणे बंधनकारक झाले. एका सेवेमुळे कायदा बदलतो तेव्हा तिच्यावर नोंद असावी की नाही, याबद्दल वाद घालण्यास जागाच उरत नाही.

याहून उद्बोधक उदाहरण मात्र एका अशा सेवेचे आहे, की जी कधी सुरूच झाली नाही. बीबीसीची व्यापारी शाखा, आयटीव्ही आणि चॅनल फोर या तिघांनी एकत्र येऊन मागणीनुसार कार्यक्रम पुरविणारी एक सामायिक सेवा काढण्याचे २००७ साली जाहीर केले. ‘प्रोजेक्ट कांगारू’ हे तिचे नाव. देशातील तीन प्रमुख प्रसारक एकत्र आल्यास इतरांना वाव राहणार नाही, या शंकेमुळे प्रकरण स्पर्धा आयोगाकडे गेले. आयोगाने चौकशी केली, बाजू ऐकून घेतल्या, कागदपत्रे तपासली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये योजनेला मनाई केली. कांगारूने एकही उडी मारली नाही. तिची यंत्रसामग्री दुसऱ्या कंपनीने विकत घेतली, तिच्यावर ‘सीसॉ’ नावाची सेवा २०१० मध्ये उभी केली, आणि ती २०११ मध्ये बंद पडली. या कांगारूने प्रेक्षकाला एकही कार्यक्रम दाखविला नाही; तरी तिच्यावर भरघोस, साधार नोंद लिहिता येते, कारण एका निःपक्ष यंत्रणेने तिचा कसून अभ्यास करून तो प्रसिद्ध केला आहे. उलट, रोज हजारो घरांत चालणाऱ्या एखाद्या सेवेबद्दल दोन खात्रीची वाक्येही लिहिता येत नाहीत. प्रथमदर्शनी हे उफराटे वाटते. पण ज्ञानकोश म्हणजे चालू दुकानांची यादी नव्हे, हे मान्य केले की त्यातील विसंगती नाहीशी होते.

बाकीच्या सेवांचे काय? चॅनल फोरने २००६ साली अशी सेवा काढली. २०१५ मध्ये तिचे नाव बदलले आणि २०२२-२३ मध्ये पुन्हा बदलून सेवेला वाहिनीचेच नाव देण्यात आले. चॅनल फाइव्हने २००८ मध्ये काढलेल्या सेवेचे २०१६ मध्ये एकदा बारसे झाले आणि २०२५ मध्ये वाहिनी आणि सेवा मिळून दोहोंचे एकच नाव ठेवण्यात आले: ‘फाइव्ह’. आयटीव्हीच्या सेवेने तर तीन नावे पाहिली. मालक स्वतःच वाहिनी आणि सेवा यांत भेद करीत नाही, तेथे ज्ञानकोशाने दोन नोंदींचा आग्रह का धरावा? अशा सेवेची जन्मतारीख, नामांतरे आणि थोडाफार इतिहास वाहिनीच्या नोंदीतील एका परिच्छेदात चांगला मावतो. शोधणाऱ्याला तो तेथे सापडतो आणि संदर्भासह सापडतो. विलीनीकरण या शब्दाला आपल्याकडे पराभवाचा वास येतो; पण नोंदीच्या बाबतीत तो बहुधा सर्वांत शहाणपणाचा निर्णय असतो. वेगळे घर बांधण्याइतका ऐवज जमला की परिच्छेद घराबाहेर पडतोच.

तरीही कंपन्यांना स्वतंत्र नोंद का हवी असते, हे समजून घेतले पाहिजे. इंटरनेटवर कोणतेही नाव शोधले की विकिपीडियाची नोंद बहुधा अगदी वर येते. प्रश्नांना उत्तरे देणारी नवी यंत्रेही तिच्यावर पोसली गेली आहेत. त्यामुळे नोंद ही प्रतिष्ठेचे प्रमाणपत्र होऊन बसली आणि प्रमाणपत्र म्हटले की त्याचा बाजार आलाच. २०१४ साली विकिमीडिया संस्थेला आपल्या अटींत बदल करून, पैसे घेऊन लिहिणाऱ्याने तसे उघड सांगितले पाहिजे, असा नियम घालावा लागला. पुढच्याच वर्षी एक टोळी उघडकीस आली. ज्यांच्या नोंदी नाकारल्या गेल्या होत्या अशा लहान व्यावसायिकांना गाठायचे, पैसे घेऊन नोंद करून द्यायची आणि मग ती टिकवून धरण्यासाठी दरमहा आणखी पैसे मागायचे, असा तिचा उद्योग होता. तिची ३८१ खाती बंद करण्यात आली आणि दोनशेहून अधिक नोंदी काढून टाकण्यात आल्या. नकाराची ही कसोटी कोणाला काटेकोरपणाचा अतिरेक वाटत असेल, तर ती सैल झाल्यावर दारात कोण येऊन उभे राहते, हे त्याने पाहावे.

म्हणून ती निर्दोष आहे असे नव्हे. कॅनडातील पदार्थवैज्ञानिक डोना स्ट्रिकलंड यांच्यावरील नोंदीचा मसुदा मे २०१८ मध्ये पुरेशा संदर्भांअभावी परत पाठविण्यात आला. ऑक्टोबरमध्ये त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि तेव्हा कोठे नोंद उभी राहिली. टीकेचा भडिमार विकिपीडियावर झाला. तो सर्वस्वी अन्याय्य नव्हता, कारण शोधू पाहणाऱ्याला त्यांच्या कार्याचे संदर्भ सापडले असते. पण मसुदा परतविणाऱ्याने नियम मोडला होता असेही म्हणता येत नाही. त्रयस्थांनी त्यांच्यावर फारसे लिहिलेच नव्हते. आणि स्त्री शास्त्रज्ञांवर कमी लिहिले जाते, हा दोष वर्तमानपत्रांचा आणि नियतकालिकांचा होता. ज्ञानकोश हा आरसा आहे. त्यात जे दिसत नाही ते पुष्कळदा खोलीतच नसते.

हा आरसा आपल्या खोलीत आणून टांगला तर काय दिसेल? भारतात अशा सेवांची लाट गेल्या दहा-बारा वर्षांत आली. ‘हॉटस्टार’ २०१५ मध्ये सुरू झाली, ‘वूट’ २०१६ मध्ये, ‘झी फाइव्ह’ २०१८ मध्ये. वूट २०२३ मध्ये दुसऱ्या सेवेत विलीन झाली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या दुसऱ्या सेवेचे व हॉटस्टारचे एकत्रीकरण होऊन ‘जिओहॉटस्टार’ आली. भांडवलाचे आकडे मोठे होते, म्हणून अर्थविषयक पानांनी या घडामोडींची दखल घेतली. पण प्रेक्षकाला काय मिळाले, काय गेले, मराठी कार्यक्रमांचा वाटा किती राहिला, एक सेवा बंद पडल्यावर तिच्यावरील कार्यक्रमांचे काय झाले, या प्रश्नांचा पाठपुरावा करणारे लेखन किती आहे? मराठीत तर ते बोटांवर मोजण्याइतके सापडले तरी नशीब. करमणुकीच्या पुरवणीत जे छापून येते, त्यात पत्रकाचा मजकूर कोठे संपतो आणि वार्ताहराचा कोठे सुरू होतो, हे वाचकाला कळत नाही. कधी कधी तर वार्ताहराचा मजकूर सुरूच होत नाही.

या सवयीची किंमत मोजावी लागते. २००९ च्या निवडणुकांत, विशेषतः महाराष्ट्रातील विधानसभेच्या निवडणुकीत, पैसे घेऊन बातम्या छापल्याचे प्रकरण गाजले आणि भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१० साली त्यावर अहवाल केला. इंग्रजी विकिपीडियावर आज भारतीय वृत्तपत्रांतील मजकुराकडे, विशेषतः व्यक्ती आणि व्यवसाय यांच्या भलावणीकडे, अधिक सावधपणे पाहावे, अशी सूचना आहे. म्हणजे एखाद्या मराठी वार्ताहराने प्रामाणिकपणे चार दिवस खपून लिहिलेला लेखही संशयाच्या छायेत वाचला जातो. शेजाऱ्याने विकलेल्या पाण्याच्या दुधामुळे आपल्या दुधाचाही भाव पडावा, तशातलाच हा प्रकार.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनीच, सुरू झाला. तेथील नोंदी आज एक लाखाच्या आसपास आहेत. त्यांत खेड्यांवरील नोंदींचा भरणा मोठा. गावाचे नाव, तालुका, जनगणनेतील लोकसंख्या आणि बस्स. कायद्याने मान्य झालेल्या वस्तीला नोंद मिळण्यास हरकत नाही, असा संकेत आहे आणि तो योग्यच आहे, कारण जनगणना हे त्रयस्थाचे साधन आहे. शासनाने गावाची शिरगणती करून ठेवली म्हणून गावाला ज्ञानकोशात पाय ठेवता आला. पण त्या गावातील शाळा, तेथील वाचनालय, यात्रेतला तमाशाचा फड, यांना तो ठेवता येत नाही. त्यांची गणती कोणी करून ठेवलेली नाही. वाचनालयाच्या शतकमहोत्सवाची स्मरणिका असते, पण ती वाचनालयानेच काढलेली! एखाद्या शिक्षकाने स्थानिक नियतकालिकात त्या वाचनालयाच्या दप्तरावरून सविस्तर लेख लिहिला, तर चित्र पालटते. दूरचित्रवाणीची सेवा आणि खेड्यातील वाचनालय यांत साम्य कसले, असे कोणी म्हणेल. ज्ञानकोशाच्या दारात दोघांना एकच प्रश्न विचारला जातो, एवढे साम्य पुरेसे आहे. फरक इतकाच की कंपनीजवळ पत्रके काढायला माणसे असतात.

प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यातील आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ या आपल्या मागणीनुसार सेवेचे उद्घाटन केले. बीबीसीप्रमाणे हीही सार्वजनिक पैशावर चालणारी संस्था. आयप्लेअर सुरू होण्यापूर्वी तिच्या लाभहानीचा जाहीर तपास झाला होता. येथे उद्घाटनानंतर आलेल्या अनेक बातम्यांचा मजकूर शासकीय पत्रकाशी जुळणारा होता. रामायण, महाभारत यांसारख्या जुन्या मालिका तीवर असल्याचे पत्रकात सांगितले होते, आणि ते वाचून पुष्कळांना आनंद झाला असेल. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांतील मराठी कार्यक्रमांपैकी किती या सेवेवर आहेत, कोणते नाहीत आणि जे नाहीत त्यांच्या फिती कोठे आहेत, हे कोणी केंद्रात जाऊन, यादी ताडून, संबंधितांना विचारून लिहिले, तर वर्तमानपत्रात त्याला अर्धे पान लागेल. ज्ञानकोशाच्या तळटिपेत एक ओळ पुरेल.